शेवटचा पापुद्रा

भोक हा काही दिवाळी अंकात मिरवण्याचा विषय नव्हे. पण माझा एक जुना विद्यार्थी विमानांच्या भागांना भोके पाडतो, आणि त्याच्याकडून ते ऐकल्यापासून माझी कादंबरी अडून बसली आहे.

हे भाग कार्बनच्या तंतूंचे. एकेक तंतू केसाच्या दहाव्या हिश्शाइतका बारीक. त्यांचे थरावर थर रेझिनने सांधून, दाबाखाली भाजलेले. २००९ साली प्रथम उडालेल्या बोइंग ७८७चे जवळजवळ निम्मे वजन अशाच मालाचे! बोल्टांसाठी त्यात भोके हवीतच. पण ड्रिल लावले की ॲल्युमिनियमसारखा कीस निघत नाही. काळी पूड उडते आणि धार लवकर बोथट होते. म्हणून ड्रिलला हिऱ्याचा मुलामा. (मास्तरांच्या घरी हिरा शिरला तो असा, गप्पांतून!)

खरी भीती टोक पलीकडे निघताना. शेवटच्या थराला खालून आधार नसतो. बोथट धार त्याला कापण्याऐवजी ढकलते, आणि पापुद्रा सुटतो. कितीतरी हातांनी घडवलेला भाग एका भोकापायी मोडीत निघू शकतो.

"मग काय करतोस रे?"

"खाली फळी घट्ट आवळतो, सर. भोक फळीलाही पडतं. मग ती टाकून देतो."