रेहेकुरीच्या माळावर

आमच्या घरात सहल म्हणजे खुलताबाद, नाहीतर महाबळेश्वर. यंदा सुट्टीत अब्बा म्हणाले, “पोरांना माळ दाखवू या.” म्हणून कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला गेलो.

काळवीटांचं हे अभयारण्य १९८० सालचं. अवघं २.१७ चौरस किलोमीटर. पर्जन्यछायेचा मुलूख, खुरट्या बाभळी आणि वाळलेलं गवत. “इथं तर काहीच नाही!” धाकटी कुरकुरली. तेवढ्यात गवतातून कळप उठला. नर काळाभोर, पोट पांढरं, शिंगं पिळाची. माद्या बदामी, बिनशिंगाच्या. एकीनं उंच उडी घेतली, तशी मागोमाग सगळ्यांनी. धाकटी गप्पच झाली.

अब्बांची नजर मात्र दूर होती. एसटीवर ड्रायव्हर असताना श्रीगोंद्याच्या रस्त्यावर त्यांनी माळढोक पाहिलेला, मीटरभर उंचीचा. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर-नगरच्या माळांवर अभयारण्य झालं. पण हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. आता उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात, जैसलमेरच्या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास आहेत.

“लोक याला पडीक म्हणायचे,” अब्बा एवढंच बोलले. मी तरी दुसरं काय म्हणत होते?

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, पाणी सोबत न्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना गाडीत पुढे बसवा. कुठल्या माळावर काय दिसायचं, ते त्यांनाच ठाऊक असतं.