अमर्याद भोजन

विलेपारल्याच्या पूर्वेस, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांच्या अंतरावर, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर 'अनलिमिटेड चायनीज' अशी पाटी लावलेलें एक भोजनगृह आहे. माणशीं ३४९ रुपये भरले कीं दुपारीं बारापासून साडेतीनपर्यंत वाटेल तें व वाटेल तितकें खावें, असा तेथील करार. या 'अनलिमिटेड' शब्दानें मुंबईकरांस सध्यां जें वेड लावलें आहे तें पाहिलें म्हणजे आमच्या पूर्वजांनीं 'अनंत' हा शब्द एकट्या परमेश्वरासाठीं राखून ठेवण्यांत फारच कृपणता दाखविली असें वाटूं लागतें. टेलिफोनवरचें बोलणें अनलिमिटेड, गुजराती थाळी अनलिमिटेड, आणि आतां नूडल्सहि अनलिमिटेड! पाटी मात्र जरा जवळ जाऊन वाचावी. खालीं बारीक अक्षरांत तीन कलमें आहेत: एका मेजावर दीड तासाहून अधिक वेळ बसूं नये, अन्न बांधून नेतां येणार नाहीं, आणि ताटांत टाकल्यास वेगळे पैसे पडतील. अमर्यादेला इतक्या मर्यादा असतात हें वेदान्त्यांच्याहि ध्यानांत आलें नसावें.

पारल्यास अशी मेजवानी अगदींच अपूर्व आहे असें मात्र नाहीं. १९२९ सालीं येथें निघालेल्या पार्ले कारखान्यांत पुढें बिस्किटें होऊं लागलीं, आणि तीं भाजल्याचा गोड वास गाडी स्टेशनांत शिरण्यापूर्वींच डब्यांत शिरूं लागला. त्या वासास दर नव्हता, वेळेचें बंधन नव्हतें, आणि त्यानें कोणाचें पोट बिघडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. २०१६ सालीं तेथील काम थांबलें. डोळे मिटून स्टेशन ओळखण्याची पारलेकरांची सोय तेव्हांपासून गेली.

आम्ही त्या भोजनगृहांत गेलों तें आमच्या चिरंजीवांच्या आग्रहानें. बरोबर सौभाग्यवती होत्या, ब्याऐंशी वर्षांच्या आमच्या आत्याबाई होत्या, आणि चिरंजीवांचा महाविद्यालयांतील एक मित्र होता. हा मुलगा जालन्याकडचा. येथें तिघांत एक खोली घेऊन राहतो व दोन वेळां खाणावळींत जेवतो. निदान दोन वेळां जेवतो असें सांगतो. आमच्या घरीं जेवावयास ये म्हणून त्यास वर्षभरांत दहा वेळां तरी निरोप गेला असेल. प्रत्येक वेळीं परीक्षा, ताप, गांवाहून आलेला भाऊ, असें कांहीं ना कांहीं निघालें. या वेळीं तो लगेच आला, पण एका अटीवर: आपले पैसे आपण देणार.

आंत गेल्यावर झांकणें उघडून पाहिलीं तों सारा भूगोल उलटापालटा झालेला! मांचुरिया हा चीनच्या ईशान्येकडील प्रदेश. परंतु तेथील माणसापुढें 'मंच्युरियन' ठेवलें तर तो तें ओळखणार नाहीं. तें पक्वान्न मुंबईचें. कलकत्त्यास जन्मलेले, चिनी वंशाचे नेल्सन वांग हे १९७५ सालीं मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियांत स्वयंपाक करीत असतां, आलें, लसूण व हिरवी मिरची या आपल्या ओळखीच्या फोडणींत त्यांनीं गरम मसाल्याऐवजीं सोया सॉस घातला, मक्याच्या पिठानें रस दाट केला, आणि त्यांत कोंबडीचे तुकडे सोडून त्या पदार्थास हें नांव दिलें, असें सांगतात. पुढें १९८३ सालीं त्यांनीं 'चायना गार्डन' हें उपाहारगृह काढलें. दरम्यान कोंबडीची जागा फ्लॉवरनें व कोबीनें घेतली. आणि पारल्यांतील जैन कुटुंबांसाठीं तर आलें-लसणीवांचूनचें मंच्युरियनहि येथें निराळ्या झांकणाखालीं ठेवलेलें असतें. कोंबडी गेली, आलें गेलें, लसूण गेली. नांव तेवढें राहिलें. आम्हांस यांत हंसण्यासारखें कांहीं वाटत नाहीं. बटाटा, मिरची आणि साबूदाणा हे तिन्ही परदेशचे पाहुणे ज्या उपवासास चालतात, त्या उपवासाच्या धर्मास बाधा येत नाहीं. मग मंच्युरियनच्याच सोवळ्याची चौकशी कां करावी?

'हक्का' हें नांव मात्र खरें आहे. हक्का हे दक्षिण चीनमधून आलेले लोक. कलकत्त्याच्या टांगरा भागांत त्यांनीं चामडें कमावण्याचे कारखाने काढले, व त्या कारखान्यांच्या आसऱ्यानेंच तेथील खाण्याचीं दुकानें वाढलीं. त्यांच्याहि पूर्वीं, वॉरन हेस्टिंग्सच्या काळीं, यांग अच्यू नांवाचा एक चिनी गृहस्थ बजबजजवळ हुगळीच्या कांठीं ऊंस लावून साखरेचा कारखाना घालून बसला होता. त्याच्या नांवाचें अचिपूर हें गांव अद्याप आहे. मुंबईंतहि चिनी वस्ती होती, व माझगांवांत त्यांचें एक लहानसें देऊळ आहे. १९६२ च्या युद्धानंतर आसाम-बंगालकडील सुमारें तीन हजार चिनी वंशाच्या लोकांस पकडून राजस्थानांत देवळी येथील छावणींत नेऊन ठेवण्यांत आलें. त्यांत म्हातारीं होतीं, तान्हीं मुलें होतीं, आणि ज्यांचा जन्म येथलाच, ज्यांनीं चीन कधीं पाहिलाहि नाहीं, असेहि पुष्कळ होते. सुटून आल्यावर कित्येकांचीं घरेंदारें व दुकानें गेलेलीं होतीं. अनेकांनीं पुढें कॅनडाची वाट धरली. आपल्या गल्लीगल्लींत चिनी जेवणाच्या लाल गाड्या वाढत गेल्या, आणि चिनी माणूस मात्र दिसेनासा झाला. आमच्या या भोजनगृहांत कढईपाशीं उभा असलेला आचारी नेपाळांतला होता, आणि गल्ल्यावरचे गृहस्थ उडुपीकडचे.

ज्यास वाटेल तितकें खाऊं द्यावयाचें त्या धंद्याचें दिवाळें कसें वाजत नाहीं, हें कोडें चिरंजीवांस पडलें होतें. आम्हीं जरा बारकाईनें पाहिलें. मांडणींत प्रथम सूप, मग भात, मग नूडल्स. म्हणजे स्वस्त व पोट फुगविणारें आधीं, आणि पनीर किंवा कोंबडीची चिली अगदीं टोंकास. भाताचा डाव मोठा, चिलीचा चमचा लहान. बशीहि अशी कीं नूडल्स घेतल्यावर तिच्यांत दुसऱ्या कशासहि जागा उरूं नये. वाढप्यांचा पगार वांचतो, कारण वाढपी आपणच. आणि मुख्य गोष्ट अशी कीं माणसाचें पोट हें त्याच्या डोळ्यांपेक्षां पुष्कळच लहान असतें: दहा माणसें आलीं तर त्यांतलीं सात, आपण फार खाल्लें अशा समाधानांत, बेताचेंच खाऊन उठतात, आणि उरलेल्या तिघांचा खर्च त्यांतून निघतो. अमेरिकेंत लास व्हेगास येथील एल रांचो व्हेगास या हॉटेलानें १९४० नंतरच्या दशकांत हीच तऱ्हा काढली, ती जुगार खेळणारीं गिऱ्हाइकें भुकेपायीं बाहेर जाऊं नयेत म्हणून. टोकियोच्या इंपीरियल हॉटेलानें १९५८ सालीं स्वीडनच्या धर्तीवर असें जेवण सुरू केलें व त्यास 'व्हायकिंग' म्हटलें. जपानांत अशा जेवणाचें तेंच नांव पडून गेलें आहे.

आत्याबाईंस मात्र हा हिशेब नको होता; त्यांस वाढपी कोठें आहे तें हवें होतें. हातांत बशी देऊन त्यांस रांगेंत उभें केलें, तेव्हां त्यांनीं भाताचा डाव उचलला, मागें वळल्या, आणि मागें उभ्या असलेल्या एका अनोळखी कारकुनाच्या बशींत भात वाढला! तो बिचारा गोंधळला, पण दुसऱ्याच क्षणीं त्यानें बशी किंचित् पुढें केली आणि म्हणाला, "थोडा आणखी, आजी." त्यानंतर तिघाचौघांस त्यांनीं वाढलें. रांग अडली, गल्ल्यावरच्या गृहस्थांनीं मान उंच करून पाहिलें, व मग पाहिलें न पाहिलेंसें केलें.

पंगतींतला आग्रह गेला म्हणून हळहळणारे लोक पुष्कळ आहेत. जिलबीचें ताट घेऊन यजमान स्वतः फिरताहेत, पाहुणा पानावर आडवे हात धरतो आहे, आणि तरी दोन वळीं पडताहेत, हें चित्र आम्हांसहि गोड वाटतें. पण तें चित्र पाटावर बसलेल्यानें काढलेलें आहे. चुलीपाशींच्या बाईनें काढलें असतें तर त्यांत तिसऱ्या पंगतीनंतरची दुपार आली असती, निवालेला भात आणि तळाशीं राहिलेली आमटी आली असती. आत्याबाईंनीं जन्मभर असेंच खाल्लें. त्या दिवशीं त्यांच्यापुढें ऊन ऊन पदार्थांच्या दहा भांड्यांची ओळ होती, आणि त्यांनीं घेतलें काय, तर वाटीभर सूप आणि दोन चमचे भात.

जालन्याचा मुलगा आमच्या समोर बसला होता. पहिल्या दोन खेपा तो चिरंजीवांबरोबर उठला. पुढच्या चार एकटा. घाई नव्हती, लाजहि नव्हती. बशी स्वच्छ करावी, उठावें, पुन्हा घेऊन यावें, इतकेंच. सौभाग्यवतींनीं सहज विचारलें तेव्हां त्यानें सरळ गणित सांगितलें. खाणावळींतलें एक ताट १४० रुपये, नाश्ता ४०; म्हणजे दिवसाचे ३२०. येथें ३४९ दिले कीं सकाळचा नाश्ता व रात्रीचें जेवण दोन्हींची गरज राहत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत भूक लागत नाहीं. "दर गुरुवारीं येतों, काकू," तो म्हणाला. "त्या दिवशीं कॉलेज अर्धा दिवस असतं."

गुरुवार म्हणतांच आत्याबाईंनीं वर पाहिलें. त्यांचें माहेर पुण्यास सदाशिव पेठेंत. त्यांच्या लहानपणीं त्यांच्याकडे गुरुवारचा वार लावलेला एक विद्यार्थी जेवावयास येत असे. सात घरीं सात वार, अशा रीतीनें गरीब मुलांनीं पुण्यास विद्या करावी, हा प्रघात आमच्या मागील पिढ्यांस चांगला ठाऊक आहे. त्याचें औदार्य पुष्कळांनीं वर्णिलें आहे, आणि तें खोटें नाहीं. आत्याबाई सांगत होत्या तें निराळें. "तो नेहमीं तीनच पोळ्या खायचा. आईनं चौथी 'वाढूं का' म्हणून विचारली, तर नको म्हणायचा. न विचारतां वाढली, तर खायचा. आई म्हणे, याला विचारायचं नाहीं. पण ती कामांत असली कीं वाढायला आजी यायची, आणि आजी विचारायची."

मुलगा ऐकत होता. त्यानें कांहीं उत्तर दिलें नाहीं; उठला, आणि सातव्यांदा नूडल्स घेऊन आला. आमच्या घरचीं दहा आमंत्रणें कां फुकट गेलीं असतील तें आम्हांस तेथें जितकें उमगलें तितकें पूर्वीं उमगलें नव्हतें. आमच्या सौभाग्यवती विचारतात. फार प्रेमानें विचारतात. येथल्या डावास तोंड नाहीं. गल्ल्यावरच्या गृहस्थांस तो मुलगा कोणाचा कोण तें माहीत नाहीं, त्याच्या परीक्षेचे गुण माहीत नाहींत, त्याच्या बापाच्या कापसाचें यंदा काय झालें तें माहीत नाहीं. त्यांस ३४९ रुपये पावले आहेत. उपकार नाहीं म्हणून मान खालीं नाहीं. अन्नाची विक्री हें पाप मानणाऱ्या आमच्या जुन्या शास्त्रकारांस ही बाजू दाखवावयास कोणी भेटलें नसावें.

बिल आलें तेव्हां चिरंजीव म्हणाले, "आजी, तुझे पैसे कांहीं वसूल झाले नाहींत." आत्याबाईंनीं विचारलें, हें दुकान चालतं तरी कसं? आम्हीं सात आणि तीन माणसांचा तो हिशेब त्यांस समजावून दिला. त्यांनीं तो नीट ऐकून घेतला, मुलाच्या पुढ्यांतल्या रिकाम्या बशीकडे पाहिलें, आणि म्हणाल्या, "म्हणजे माझं उरलेलं यानं खाल्लं. मग वसूल कसे नाहीं झाले?"

मुलगा मोठ्यानें हंसला. त्या दिवसांत त्यास हंसतांना आम्हीं प्रथमच पाहिलें.

त्यानंतर तीन गुरुवार गेले. पैकीं दोन गुरुवारीं आत्याबाई रिक्षा करून तेथें जाऊन आल्या. वाटीभर सूप घेतात, पुरे पैसे देतात, आणि रांगेंत उभ्या राहून मागच्यास भात वाढतात, विचारीत नाहींत.