आजींनी न सांगितलेले दुखणे

सत्तरीच्या आजी लघवीच्या तक्रारीसाठी येतात. तपासताना कळते, अंग बाहेर येते आहे, तेही वीस वर्षांपासून. घरात कुणाला पत्ता नसतो. पाच-सहा बाळंतपणे घरीच झालेली, कळा दिवसभर चाललेल्या, कुणीतरी वरून पोट दाबलेले, आणि महिन्याच्या आत डोक्यावर हंडा. ओटीपोटाचे स्नायू तेव्हाच सैलावले. पाळी गेल्यावर त्रास वाढला.

२००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर रुग्णालयातील प्रसूती वाढल्या. पोट दाबू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस आहे. ती आजच्या सुनेच्या सत्तरीसाठीही आहे. (सगळीकडे ती पाळली जात नाही, हे खेदाने लिहितो.)

आजींना मात्र एकांतात, आपणहून विचारा. व्यायाम, योनीमार्गात बसवायची रिंग, गरजेप्रमाणे शस्त्रक्रिया असे उपाय या वयातही आहेत.