उद्यमनगरातले मिस्त्री

आमच्या वडिलांची लष्करी लिलावातली विलीज जीप आजही रस्त्यावर आहे, ती कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींमुळे. हे मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

जीपचं मूळचं ‘गो-डेव्हिल’ इंजिन ब्लॉकला तडा जाऊन निकामी झालं, तेव्हा वडिलांनी महिंद्राच्या जुन्या जीपचं ‘हरिकेन’ मिळवलं. त्यावर कार्बोरेटर नव्हता. दोन्ही इंजिनं २१९९ सीसीची, तेव्हा जुनाच कार्टर डब्ल्यूओ लावा, असं एकाचं मत. दुसरा म्हणे, मोठ्या मोटारीचा डबल बॅरल लावा, जीप पळेल.

मिस्त्रींनी हेड काढून माझं बोट इनटेक व्हॉल्व्हच्या कडेनं फिरवलं. गो-डेव्हिलचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. हरिकेनचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, आणि चांगले मोठे. “सीसी तेवढंच हाय, पर ह्याचा श्वास मोठा हाय,” ते म्हणाले. साठाच्या जागी सुमारे ७२ हॉर्सपॉवर मिळते, त्यात या श्वासाचा वाटा मोठा. म्हणून जुना कार्बोरेटर बाद.

डबल बॅरल त्यांच्याच फळीवर होता, विकला असता तर चार पैसे सुटले असते. पण ते नाहीच म्हणाले. गळा गरजेपेक्षा मोठा असला की हवेचा वेग पडतो, मग जेटमधून पेट्रोल नीट ओढलं जात नाही, आणि चिखलात पहिल्या गिअरला जीप गुदमरते. हिशोबही त्यांच्याच बाजूचा आहे: ४००० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला फार तर ४४०० लिटर हवा ओढेल, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. त्याला सिंगल बॅरल कार्टर वायएफ पुरतो. हरिकेनवर विलीजनं तोच दिला होता.

अडचण उंचीची होती. हरिकेन उंच, म्हणून तर हरिकेनवाल्या सीजे-३बी जीपचं बॉनेट वर उचललेलं. आमचं बॉनेट बसेना. मिस्त्रींनी पत्रा कापून एअर क्लीनरच्या पाइपासाठी बुटकं, आडवं तोंड स्वतः वेल्ड केलं. ते मापात येईपर्यंत जेवायला उठले नाहीत.

मग पन्हाळ्याचा चढ. थ्रॉटल दाबून चढवायचं, मध्येच इग्निशन बंद, क्लच दाबून गाडी कडेला, आणि गरम प्लग फडक्यात धरून काढायचा. काजळी दिसली की तंबाखूच्या डबीतून एक नंबर लहान मेन जेट. पोर्सेलिन फिकट तपकिरी दिसेपर्यंत वडील, मी आणि ते, तिघं वर-खाली करत राहिलो. अशा कामात घाई करणारा माणूस मला तेव्हापासून खपत नाही.

बिलात गॅस्केट आणि पत्र्याचे पैसे होते. जेटचे घ्या म्हटलं, तर वडिलांना म्हणाले, “ऱ्हाऊ द्या आबा, पडूनच हुतं.”

दोघंही आता नाहीत. मिस्त्रींचा नातू ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करतोय. त्याची फी मी भरतो. त्याच्या आईनं बरंच नको नको म्हटलं, पण या बाबतीत मी त्यांचं ऐकणार नाही.