दोन पाळ्यांचं गाव

बारामतीहून इंदापूरकडे निघालेली एसटी भवानीनगरला बरीच रिकामी झाली आणि मला खिडकी मिळाली. डिसेंबरचे दिवस. छत्रपती कारखान्याकडे उसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागली होती आणि हवेत मळीचा आंबूस वास भरला होता. पुढे बेलवाडी. आषाढात इथल्या मैदानात तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं. जंक्शन नावाच्या गावात उतरलो आणि वालचंदनगरच्या वडापमध्ये बसलो.

शेजारी एक म्हातारे शेतकरी. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, आत घडीचे कागद. ‘‘कुणाकडं निघालात?’’ मी म्हणालो, गाव बघायला. ‘‘म्हंजी कंपनी बघायला,’’ ते म्हणाले. मग आपणहून सांगू लागले. पोरगा कंपनीत लागलाय, आज त्याची दुसरी पाळी. ‘‘माझी पाळी परवा. रातची.’’ ते पाण्याबद्दल बोलत होते, हे मला क्षणभराने कळलं.

इथे पाळ्या दोन. कारखान्याची एक आणि कालव्याची एक. अख्ख्या गावाचा दिवस या दोन पाळ्यांत वाटला गेलाय.

कालवा आधीचा. १८७६-७७च्या दुष्काळाने हा मुलूख पार हलवून टाकला होता. त्यानंतर १८८५ साली निरा डावा कालवा सुरू झाला. बारामतीच्या माळाला पाणी लागलं आणि बाजरीच्या शेजारी ऊस उभा राहिला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशींनी रेल्वेच्या बांधकामांची कंत्राटं घेतली, १९१९ साली सिंधिया कंपनीची जहाजं समुद्रात सोडली, पुढे १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. याच माणसाने कळंबच्या शिवारात, निरेच्या काठी, १९३४च्या सुमारास साखर कारखाना उभा केला. त्याच्याभोवती वस्ती वाढली, तिला त्यांचंच नाव मिळालं. साखरेची यंत्रं करता करता हात इतके तयार झाले, की आज इथल्या शेडमध्ये इस्रोच्या अग्निबाणांची कवचं घडतात. चांद्रयान उडालं त्या दिवशी पोरगा टीव्हीसमोरून हलला नाही, असं म्हातारबाबा सांगत होते. सांगताना त्यांचा आवाज बदलला होता.

पण पिशवीतले कागद वेगळे होते. वडापमधून उतरल्यावर कंपनीच्या भिंतीलगत, चहाच्या टपरीवर त्यांनी ते उलगडले. वर पिवळा पडलेला सातबारा, घडीवर फाटलेला, सेलोटेपने जोडलेला. आजोबांनी कंपनीला जमीन खंडाने दिली होती. पुढे १९६१चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला, साखर कारखान्यांकडची हजारो एकर जमीन सरकारने घेतली आणि १९६३ साली ती कसायला शेती महामंडळ काढलं. खंडाने दिलेली जमीन परत मागणारे ते खंडकरी. इंदापूरपासून श्रीरामपूरपर्यंत त्यांनी मोर्चे काढले, कोर्टाची पायरी चढली, आणि जमीन हाती येऊ लागली तेव्हा २०१२ साल उजाडलं होतं. म्हणजे आजोबांची जमीन नातवाला, तीही तुकड्याने. ‘‘बाप वाट बघून गेला,’’ एवढंच ते म्हणाले आणि कागद पुन्हा त्याच घडीवर दुमडला.

पुण्यामुंबईत बारामती-इंदापूरचं राजकारण म्हणजे घराण्यांची गोष्ट. २०२४च्या लोकसभेला नणंद आणि भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा सगळा देश बघत होता. टपरीवरही ते बोलणं निघालं. पण दोन मिनिटांत ते आवर्तनावर, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याच्या पाळीवर आलं. इंदापूर तालुका कालव्याच्या शेपटाला. निरा देवघर धरणाचं पाणी डाव्या कालव्याला किती, उजव्याला किती, यावर २०१९ साली सरकारी आदेश निघाला, पुढच्याच वर्षी नव्या सरकारने तो फिरवला. मुंबईत सही झाली की इथल्या चारीतलं पाणी चढतं नाहीतर उतरतं. मला वाटतं, या भागातली निष्ठा आणि फितुरी समजून घ्यायची तर आधी पाण्याचा हिशेब मांडायला हवा. साखर कारखान्याच्या निवडणुकीत कुठलं पॅनेल, हे ठरवताना माणूस ऊस वेळेवर कोण तोडून नेईल याचा विचार करतो. वाळत चाललेला फड बघितलेल्या माणसाला तो विचार करावाच लागतो.

म्हातारबाबांनी मला चारी दाखवायला नेलं. मोटारसायकलवरचे तरुण, पाठीला डब्याच्या पिशव्या, दुसऱ्या पाळीला निघाले होते. त्यातल्या एकाने लांबूनच हात केला. ‘‘आमचं पोरगं,’’ म्हातारबाबा म्हणाले.

चारी कोरडी होती. तळाला भेगा पडलेला गाळ, त्यात अडकलेलं उसाचं पाचट. दाराच्या लोखंडी पत्र्यावर मागच्या आवर्तनाची ओळ उमटलेली होती. त्यांनी बोटं टेकवून ती मोजली. चार बोटं. पूर्ण शेत भिजायला किती लागतं, असं मी विचारलं. त्यांनी दुसरा हात पहिल्यावर ठेवला, आठ बोटं दाखवली. मग पिशवीतून पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म काढला, तारीख पुन्हा वाचली आणि पाटकऱ्याला गाठायला निघाले.