हंगामाआधीचे लाउटरब्रुनेन

महाराष्ट्रातील शाळांना उन्हाळ्याची सुटी लागते, त्या सुमारास आल्प्स पर्वतात वसंत नुकताच दरीच्या तळाशी येऊन पोहोचलेला असतो. तेथून तो दिवसागणिक वर सरकतो आणि दोन हजार मीटर उंचीवरील पायवाटा मोकळ्या करीपर्यंत बहुधा जून उजाडतो. आपल्याकडील सुटी संपत येते, तेव्हा तेथील पदभ्रमणाचा खरा हंगाम सुरू होतो. मे महिन्यात चालण्याच्या हेतूने आल्प्सकडे निघणाऱ्या कुटुंबाने ही गोष्ट सर्वप्रथम ध्यानात घ्यावी. हंगामापूर्वी बाजारात गेले तर गर्दी नसते, भावही उतरलेले असतात. मात्र सगळा माल दुकानात आलेला नसतो. व्यापारी कुटुंबांना हे वेगळे सांगावयास नको.

स्वित्झर्लंडच्या बर्नीज ओबरलँड भागातील लाउटरब्रुनेनची दरी हे याचे उत्तम उदाहरण होय. हिमनदीने कोरलेल्या या दरीचा तळ सपाट असून दोन्ही अंगांना कातळाचे सरळ उभे कडे आहेत. गावालगतच श्टाउबबाख धबधबा २९७ मीटर उंचीवरून कोसळतो. जर्मन कवी गटे १७७९ मध्ये येथे आला आणि या धबधब्यावरून त्याला एक प्रसिद्ध कविता सुचली. दरीत पुढे ट्रुमेलबाख आहे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तीन शिखरांच्या हिमनद्यांचे पाणी तेथे डोंगराच्या पोटातून दहा टप्प्यांत खाली उतरते. वरचे बर्फ वितळू लागल्याने वसंताच्या उत्तरार्धात या दरीतील धबधबे भरून वाहतात. शरद ऋतूत येणाऱ्यास त्यांतील कित्येकांची केवळ बारीक धार दिसते.

नियोजनाची किल्ली उंचीच्या आकड्यांत आहे. लाउटरब्रुनेन सुमारे ८०० मीटरवर, वेंगेन १२७४ वर, म्यूरेन १६३८ वर, तर क्लाइन शायडेग २०६१ मीटरवर आहे. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च माथ्याइतक्या उंचीवर तेथे अख्खे गाव वसलेले आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. त्यामुळे मेच्या मध्यावर दरीतील कुरणे पिवळ्या फुलांनी भरलेली असतात, म्यूरेनच्या सावलीतील उतारांवर जुन्या बर्फाचे पट्टे उरलेले असतात आणि क्लाइन शायडेगच्या आसपासच्या वाटा बर्फाखाली असू शकतात. एकाच दिवशी एकाच डोंगरावर तीन निरनिराळी पंचांगे चालू असतात.

म्हणून चालण्याची आखणी खालून वर करावी. पहिले काही दिवस तळाला द्यावेत. लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबेर्ग ही सुमारे दोन तासांची जवळजवळ सपाट वाट आहे. दरीतून बसही धावत असल्याने ज्येष्ठांनी अर्ध्यावर थांबले तरी कोणाचा विरस होत नाही. ब्रिएन्झ सरोवराच्या काठाने इझेल्टवाल्ड ते गीसबाख धबधबा ही वाटही याच काळात जमण्याजोगी आहे. बर्फ ओसरल्याची खात्री झाल्यावर म्यूरेनहून गिमेलवाल्डकडे उतरणाऱ्या रस्त्याने जावे. क्लाइन शायडेग ते मेन्लिखेन ही प्रसिद्ध वाट किंवा आयगरच्या पायथ्याची वाट मात्र मेच्या यादीत धरू नये.

मुक्कामही तळालाच ठेवावा. हिवाळ्यातील बर्फखेळ संपले की उन्हाळी हंगामापर्यंत वरच्या गावांतील अनेक हॉटेले आणि उपाहारगृहे बंद असतात. याच काळात रज्जुमार्गही वार्षिक देखभालीसाठी काही दिवस वा आठवडे बंद ठेवले जातात. या तारखा अगोदर जाहीर होतात. त्या पाहिल्यानंतरच खोलीचे पैसे भरावेत. ईस्टरनंतर ३९व्या दिवशी येणारा ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार आणि ५०व्या दिवशी येणारा सोमवार या सुट्यांना स्थानिक लोकही मोठ्या संख्येने बाहेर पडतात. ते दिवस टाळल्यास निवांतपणा आणि दर या दोन्हींचा लाभ होतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यासाठी भारतातून मागणी मोठी असल्याने दिरंगाई करू नये.

सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोड नसावी. तेथील पाट्यांची पद्धत सोपी आहे. पिवळी खूण साध्या पायवाटेची, पांढरी-लाल-पांढरी डोंगरवाटेची आणि पांढरी-निळी-पांढरी अवघड पर्वतवाटेची. पाटीवर दिलेल्या वेळेत विश्रांती धरलेली नसते. वसंतात खरा धोका घळींमध्ये असतो. हिमप्रपाताने आणलेला बर्फ तेथे उशिरापर्यंत वाटेवर साचून राहतो. सकाळी तो काचेसारखा निसरडा असतो, दुपारी भुसभुशीत होतो, आणि पुष्कळदा त्याच्या खालून ओढा वाहत असल्याने आतून पोकळही असतो. पलीकडे वाट स्पष्ट दिसत असली, तरी असा पट्टा लागताच मुलाबाळांसह मागे फिरावे. डोंगरातील हेलिकॉप्टर मदतीसाठी १४१४ हा क्रमांक आहे. ती मदत महाग असल्याने प्रवासविम्यात तिचा खर्च अंतर्भूत आहे की नाही, हे निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

भोजनाची सोय हाही नियोजनाचाच भाग आहे. स्वयंपाकघर असलेली सदनिका घेतल्यास निम्मी चिंता मिटते. खाकरा आणि कोरडे मसाले नेता येतात. परंतु भारतातून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास बंदी असल्याने तूप आणि पेढे घरीच ठेवावेत. तेथील पारंपरिक चीजमध्ये बहुधा प्राणिज रेनेट असते, हे शाकाहारी कुटुंबांनी लक्षात ठेवावे. गावातील दुकाने संध्याकाळी लवकर आणि रविवारी बहुतेक बंद असतात, म्हणून शनिवारी भाजी भरून ठेवावी. सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळत असल्याने, दिवसभर चालून आल्यावरही सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांची अडचण होत नाही.

गावाच्या बाजूनेही या काळाचा विचार व्हावा. उन्हाळ्यात या लहानशा दरीवर दिवसभराच्या पर्यटकांचा इतका भार पडतो की, २०२४ मध्ये अशा पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेण्याचा विचार स्थानिक पातळीवर झाला. घाईने येऊन छायाचित्र काढून जाणाऱ्यापेक्षा, हंगामाआधी आठवडाभर राहून गावातच खरेदी करणारे कुटुंब गावाला जड होत नाही. एक पथ्य मात्र पाळावे. मे महिन्यातील उंच गवत म्हणजे गुरांचा हिवाळ्याचा चारा असतो. फुलांत उभे राहून छायाचित्र घेण्यासाठी ते तुडवणे म्हणजे शेतकऱ्याचे उभे पीक तुडवण्यासारखेच आहे.

तेव्हा निर्णय जाण्यापूर्वीच स्पष्ट असावा. उंचावरील वाटा हाच हेतू असेल, तर जूनच्या उत्तरार्धापर्यंत थांबावे; मुलांच्या शाळेमुळे ते शक्य नसेल, तर तो बेत पुढील काळासाठी राखून ठेवावा. भरलेले धबधबे, मोकळ्या वाटा आणि आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना एकत्र चालता येईल अशी दरी हवी असेल, तर मे महिना पुरेसा आहे. शिखरे तळातूनही दिसतात आणि त्यांच्यावर बर्फ असतोच.