रत्नाकराचे रहिवासी

समुद्राला आपल्या पूर्वजांनीं ‘रत्नाकर’ असें नांव दिलें. नांव मोठें गोड आहे; पण माणसाची नजर पाण्यापेक्षां त्यांतल्या ठेव्यावर अधिक असते, हेंहि तें सांगून जातें. तळाशीं रत्नें असतील असें आपल्याला फार पूर्वीं वाटलें. तेथें कोणी राहत असेल, असें वाटावयाला मात्र पुष्कळ उशीर लागला.

१८४३ सालीं एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश पंडितानें, समुद्रांत तीनशें वांवांच्या खालीं जीवसृष्टि नसावी, असा तर्क मांडला. जेथें सूर्यकिरण पोंचत नाहीं, जेथें दर दहा मीटरांगणिक एका वातावरणाएवढा दाब वाढत जातो, तेथें कोण जगणार? प्रकाश म्हणजे जीवन आणि अंधार म्हणजे मृत्यु, हें समीकरण तर आपल्या भाषेंतच मुरलेलें आहे.

पुढें १९७७ सालीं गॅलापॅगोस बेटांजवळ ‘अल्विन’ नांवाची पाणबुडी सुमारें अडीच हजार मीटर खोल उतरली. तींतले संशोधक भूगर्भशास्त्रज्ञ होते. ते उष्ण पाण्याचे झरे शोधावयाला गेले होते. झरे सांपडले, आणि त्यांच्याभोवतीं शिंपल्यांची, खेकड्यांची व नळकृमींची भरलेली वस्तीहि सांपडली! हे नळकृमि पुरुषभर उंच वाढतात. पण त्यांना तोंड नाहीं, आंतडें नाहीं. पृथ्वीच्या पोटांतून येणाऱ्या विषारी, गंधकयुक्त वायूपासून शक्ति मिळवून त्यांच्या अंगांतले सूक्ष्म जंतु त्यांचें अन्न तयार करतात. त्यासाठीं लागणारा प्राणवायु वरच्या उजेडांतूनच येतो खरा. पण स्वयंपाक सगळा अंधारांत होतो. आपण जिला जीवनाची सीमा म्हणत होतों, ती आपल्या कल्पनेची सीमा होती, हें मला यांतलें खरें नवल वाटतें.

आतां रत्नाकर हें नांव पुन्हां आठवावयाला कारण घडलें आहे. खोल तळावर बटाट्याएवढाले धातुमिश्रित गोळे पसरलेले आहेत. दहा लक्ष वर्षांत ते कांहीं मिलिमीटरच वाढतात. त्यांच्या शोधासाठीं मध्य हिंदी महासागरांतलें ७५,००० चौरस किलोमीटरांचें क्षेत्र २००२ सालच्या करारानें भारताकडे आलें. अशा गोळ्यांनाहि जीव चिकटून राहतात, आणि खोल समुद्रांतल्या अनेक जीवांना तर अजून शास्त्रांत नांवहि मिळालेलें नाहीं.

देशाला निकेल हवें, कोबाल्ट हवें, हें मी जाणतों. पण देवदानवांनीं समुद्र घुसळला तेव्हां हलाहलहि वर आलें, आणि तें प्यावयाला शंकर उभा होता. या मंथनांत तो कोठून आणावयाचा? लाखों वर्षें थांबलेलीं रत्नें रहिवाशांची ओळख होईपर्यंत आणखी थोडीं थांबलीं, तर त्यांचें कांहीं बिघडणार नाहीं.